पूर ओसरल्यानंतरचा गाळ: नदीकाठच्या रानात प्रदूषके कोठे बसतात, कशी सरकतात आणि ती कशी शोधावीत

ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा आणि मार्कंडेय या नद्यांचे पाणी बेळगाव जिल्ह्यातील शिवारांत शिरले आणि सखल भागांत कित्येक दिवस उभे राहिले. पाणी ओसरल्यावर पडलेल्या घरांचे, उसाचे आणि भाताचे पंचनामे झाले. पाण्याने मागे ठेवलेल्या गाळाकडे मात्र बहुतेकांनी फुकट मिळालेले खत म्हणूनच पाहिले. आपल्याकडे नदीकाठच्या कसदार जमिनीला मळीचे रान म्हणतात आणि कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल बोलताना ‘मळीमिश्रित पाणी’ म्हणतात. एकच शब्द दोन्ही अर्थांनी वापरात असावा हे मला सूचक वाटते, कारण नदी या दोन्ही मळ्या एकत्रच वाहून आणते आणि त्या वेगळ्या ओळखण्याचे काम आपल्याकडे राहते.

हा लेख त्या ओळखीसाठी आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे: पूर जेथे जोरात वाहिला तेथे प्रदूषण शोधू नका, पाणी जेथे सर्वांत जास्त दिवस उभे राहिले तेथे शोधा. २०१९ च्या पुरानंतर मी आमच्या दूधगंगेकाठच्या रानातील नमुने नदीलगतच्या उंच धडीवरून घेतले, कारण तेथे गाळाचा थर सर्वांत जाड होता. अहवाल चांगला आला आणि मी निश्चिंत झालो. पुढच्या हंगामात धडीपासून दूर असलेल्या खोलगट तुकड्याचा नमुना तपासला तेव्हा चित्र वेगळे निघाले. जाड थर वाळूचा होता. त्रास देणारा थर बोटभरही नव्हता.

पहिली पायरी: पाणी कोठे उभे होते ते नोंदवणे

नदी काठाबाहेर पडली की तिचा वेग एकदम कमी होतो. त्यामुळे जड कण, म्हणजे वाळू, काठालगतच पडते आणि वर्षानुवर्षांच्या पुरांनी तेथे धडी उंच होत जाते. बारीक पोयटा त्यापलीकडे पडतो आणि सर्वांत बारीक चिकण कण धडीच्या मागच्या सखल भागात, जुन्या सोडलेल्या पात्रात, ओढ्याच्या तोंडाशी आणि रस्त्याच्या किंवा कालव्याच्या भरावाने अडलेल्या पाण्यात बसतात. यामागे साधे गणित आहे. शांत पाण्यात ०.०५ मिलिमीटर व्यासाचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला पाऊण मिनिट घेतो, तर ०.००२ मिलिमीटरचा चिकण कण तेवढ्याच अंतरासाठी सुमारे आठ तास घेतो. मीटरभर उभ्या पाण्यातून असा कण तळाशी येण्यास तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. प्रत्यक्षात कणांचे पुंजके बनतात आणि ते थोडे लवकर बसतात, पण क्रम बदलत नाही. जेथे पाणी चार-पाच दिवस हलले नाही तेथेच हे कण बसू शकतात.

म्हणून आपल्या सर्व्हे नंबरचा नकाशा घ्या आणि घरातील वडीलधाऱ्यांना, शेजाऱ्यांना व मोटारी सांभाळणाऱ्या माणसांना विचारून पाणी कोणत्या दिवशी आले, कोठपर्यंत चढले आणि कोणत्या कोपऱ्यातून सर्वांत शेवटी गेले हे त्यावर पेन्सिलीने काढा. झाडांच्या खोडांवर, विजेच्या खांबांवर आणि विहिरीच्या कठड्यावर पुराची रेघ काही महिने दिसते. पाणी कोणत्या बाजूने आत आले हेही लिहा. दूधगंगेचे थेट पाणी आणि गावच्या ओढ्यातून उलटे फिरलेले पाणी यांत फरक असतो, कारण ओढ्यातून येणारा फुगवटा गावाचे सांडपाणीही रानात ढकलतो. बेळगाव शहराचे सांडपाणी घेऊन शहापूर, वडगाव आणि हलगा भागांतील भातशेतीलगत जाणाऱ्या बळ्ळारी नाल्याच्या काठी तर ही नोंद प्रत्येक पावसाळ्यात करावी लागेल, कारण तेथे शेतात शिरणारे पाणी नदीचे नसून बव्हंशी नाल्याचे असते.

कोल्हापुरी बंधाऱ्यांचा विचारही येथेच करावा. बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या काढता येण्याजोग्या फळ्या, घातले की बंधाऱ्यामागे पाणी संथ होते आणि उन्हाळाभर बारीक गाळ तळाशी साठत राहतो. बरगे काढल्यावर किंवा पहिला लोंढा आल्यावर तो गाळ, त्यातील कुजका भाग आणि त्याला धरून बसलेले धातू एकदम उठून खाली जातात. त्यामुळे हंगामातील पहिल्या लोंढ्याचे गढूळ पाणी आणि ऑगस्टमधील मोठ्या पुराचे पाणी यांना एकच मानू नये. माझ्या मते पहिल्या लोंढ्याच्या पाण्याचा उपसा करून ते रानात सोडणे शक्यतो टाळावेच.

दुसरी पायरी: बरणीतील परीक्षा

प्रयोगशाळेत पैसे घालण्याआधी घरी एक परीक्षा करावी. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश उंचीपर्यंत कुस्करलेली माती घाला, पाण्याने भरा, चमचाभर धुण्याची पावडर टाका आणि पाच मिनिटे जोराने हलवून सपाट जागी ठेवा. पहिल्या मिनिटाअखेर जे तळाशी बसले ती वाळू, दोन तासांत त्यावर जे बसले तो पोयटा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवणारी ती चिकणमाती. तिन्ही थरांच्या उंचीवर बरणीवर खुणा करा.

या परीक्षेला मी एवढे महत्त्व देतो कारण शिसे, जस्त, तांबे, कॅडमियम यांसारखे धातू वाळूच्या कणांना फारसे चिकटत नाहीत. ते चिकण कणांच्या पृष्ठभागावर, सेंद्रिय पदार्थावर आणि लोह व मँगनीजच्या ऑक्साइडच्या पातळ लेपावर बसतात. कण जितका बारीक तितका एका मुठीतील एकूण पृष्ठभाग जास्त. म्हणून धडीवरील वाळू आणि खोलगटातील चिकणमाती यांच्या अहवालांची सरळ तुलना केली तर ती प्रदूषणाची तुलना न ठरता कणांच्या आकाराची तुलना ठरते. दोन ठिकाणे ताडून पाहायची असतील तर दोन्ही नमुने ०.०६३ मिलिमीटरच्या चाळणीतून गाळून त्याखालील भागच तपासावा, असा नदीच्या गाळासाठी रूढ असलेला संकेत आहे.

तिसरी पायरी: दरड आणि खड्डा वाचणे

नदीने कापलेली उभी दरड ही पुरांची वही असते. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर खुरपीने दरडीचा एक हात रुंद भाग ताजा तासून घ्या. वाळूचा फिकट पट्टा, त्यावर पोयटा आणि वर गडद चिकणमाती असे एक जोड दिसले तर तो बहुधा एका पुराचा ठेवा असतो. अशा थरांचे वय ठरवण्यास काही खुणा मदत करतात. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, तेव्हा वाहतुकीच्या रस्त्यांजवळच्या गाळात त्याआधीच्या थरांत शिसे तुलनेने जास्त मिळू शकते. एंडोसल्फान या कीटकनाशकावर २०११ मध्ये बंदी आली, म्हणून ते सापडणारा थर बहुधा त्याआधीचा किंवा जुन्या मातीतून पुन्हा वाहून आलेला असतो. प्लॅस्टिकचे तुकडे तर साध्या डोळ्यांनीही जुने व नवे थर वेगळे करून दाखवतात. मात्र नांगरटीच्या रानात वरचे वीस-पंचवीस सेंटिमीटर दरवर्षी कालवले जातात आणि थर पुसले जातात, म्हणून हे वाचन गवताच्या कुरणात, जुन्या झाडाखाली किंवा दरडीतच करावे.

रानात मीटरभर खोल खड्डा घेऊन रंग पाहावा. तपकिरी, मोकळी माती म्हणजे हवा पोहोचते. राखाडी-निळसर मातीत तांबूस ठिपके दिसले तर तो थर काही काळ पाण्याखाली आणि काही काळ कोरडा असतो. काळसर थराला कुजक्या अंड्यासारखा वास आला तर तेथे ऑक्सिजन संपलेला असून सल्फाइड तयार होत आहेत. हे रंग कोणते प्रदूषक अडून बसले आहे आणि कोणते सुटले आहे ते सांगतात. त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

काळ्या जमिनीची एक गोष्ट विसरू नये. तिच्यातील चिकणमाती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यामुळे मे महिन्यात हातभर खोल भेगा पडतात. पहिल्या वळवाचे पाणी मातीतून झिरपत नाही, ते भेगांतून थेट खाली उतरते आणि वरचा गाळ, तणनाशक व शेणखताचा अंश सोबत नेते. भेगा मिटल्यावर तीच जमीन पाण्याला जवळजवळ अडवते. म्हणून काळ्या जमिनीत प्रदूषक खाली जाण्याचा धोका भर पुरात नसून वळवाच्या पहिल्या दोन-तीन पावसांत जास्त असतो, आणि भेगाळलेल्या रानात त्या काळात तणनाशक किंवा कारखान्याचे प्रक्रिया केलेले पाणी सोडणे मला धोक्याचे वाटते.

चौथी पायरी: पाण्याबरोबर जाणारे आणि मातीबरोबर जाणारे

प्रदूषकांचे प्रवासाच्या रीतीने दोन गट पाडावेत. नायट्रेट, क्लोराइड आणि २,४-डी हे तणनाशक यांसारखी द्रव्ये मातीला जवळजवळ धरत नाहीत. पाणी जेथे जाईल तेथे ती जातात. उसात सर्रास वापरले जाणारे ॲट्राझिन हे तणनाशक मातीला थोडेसे धरते, पण पुष्कळसे पाण्याबरोबर सरकते. याउलट शिसे आणि क्लोरपायरिफॉस किंवा जुने डीडीटी ही कीटकनाशके मातीला घट्ट चिकटून राहतात. ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यात सहज विरघळत असूनही मातीत घट्ट बसते, म्हणून केवळ ‘विरघळते की नाही’ यावरून अंदाज बांधू नये. या दुसऱ्या गटाचा प्रवास विहिरीकडे क्वचित होतो; माती स्वतः वाहून गेली की तो पुढच्या गावाच्या रानात होतो.

हा फरक आकड्यांत पाहता येतो. भूजलाचा वेग काढण्यासाठी मातीची पाणी वाहून नेण्याची क्षमता आणि पाण्याच्या पातळीचा उतार यांचा गुणाकार करून त्याला सच्छिद्रतेने भागतात. समजा नदीकाठच्या वाळूच्या थरातून दिवसाला पाच मीटर इतकी क्षमता आहे, उतार हजार मीटरला दोन मीटर आहे आणि सच्छिद्रता ०.३ आहे, तर पाणी वर्षाला सुमारे बारा मीटर सरकते. चिकणमातीत तीच क्षमता दिवसाला ०.००१ मीटर आणि सच्छिद्रता ०.४५ धरली तर वर्षाचा प्रवास दोन मिलिमीटरही भरत नाही. चिकणमातीच्या रानाखाली जुन्या पात्राचा एक वाळूचा पट्टा असेल तर सगळी वाहतूक त्या पट्ट्यातून होते, आणि म्हणूनच शेजारच्या दोन विहिरींपैकी एकीचे पाणी बिघडते व दुसरीचे चांगले राहते.

आता मातीला धरणाऱ्या द्रव्याचे पाहू. एक किलो माती आणि एक लिटर पाणी यांत ते द्रव्य कसे वाटले जाते याचा गुणांक १० लिटर प्रति किलो, मातीची घनता १.४ आणि सच्छिद्रता ०.४५ घेतली, तर विलंबाचा आकडा १ + (१.४ ÷ ०.४५) × १०, म्हणजे सुमारे ३२ येतो. नायट्रेट एक मीटर गेले तेवढ्या काळात हे द्रव्य तीन सेंटिमीटर सरकते. शिशाचा गुणांक आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत याच्या कित्येक पट असतो. त्यामुळे नदीकाठच्या विहिरीत आधी नायट्रेट तपासावे आणि पृष्ठभागाच्या गाळात आधी धातू तपासावेत. पुष्कळ जण नेमके उलट करतात आणि दोन्ही अहवाल ‘ठीक’ आले म्हणून समाधान मानतात.

नदी आणि विहीर यांच्यातील पाण्याची दिशाही कायम नसते. पुरात नदीची पातळी वर असते तेव्हा पाणी काठातून रानाकडे शिरते, पूर ओसरल्यावर ते परत नदीकडे येते; पण काठावरच्या विहिरीवर मोटार सतत चालू असेल तर ते परत जात नाही, विहिरीकडेच ओढले जाते. क्षारपड जमिनीतून पाणी काढण्यासाठी टाकलेले भूमिगत पाइप हा आणखी एक आडमार्ग आहे, कारण ते नायट्रेट आणि क्षार मातीला टाळून थेट ओढ्यात नेतात.

पाचवी पायरी: ऑक्सिजन संपल्यावर काय होते

पाणी उभे राहिले की मातीतील जीव एक-दोन दिवसांत ऑक्सिजन संपवतात. त्यानंतर ते नायट्रेट वापरतात, मग मँगनीजचे व लोहाचे ऑक्साइड आणि शेवटी सल्फेट. लोहाचे ऑक्साइड विरघळले की त्यांवर बसलेले फॉस्फरस, आर्सेनिक आणि काही धातू पाण्यात सुटतात. सल्फेटची पाळी आली की सल्फाइड तयार होतात आणि ते कॅडमियम, शिसे, जस्त यांना पुन्हा पकडून ठेवतात. जमीन वाळली की सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होते आणि ते धातू परत सुटतात.

बेळगाव-वडगाव-येळ्ळूर पट्ट्यातील बासमती पिकवणाऱ्यांना हे विशेष लागू पडते. उभ्या पाण्यातील भात आर्सेनिक जास्त आणि कॅडमियम कमी उचलतो. दाणा भरताना शेत लवकर वाळवले तर उलट होते. नाल्याकाठच्या गाळात कॅडमियम जास्त आढळले असेल तर फुलोऱ्यानंतर काही आठवडे पाणी राखणे फायद्याचे, आणि आर्सेनिक जास्त असेल तर मधूनमधून पाणी काढणे फायद्याचे. अहवाल हातात नसताना यांपैकी कोणताही उपाय आंधळेपणाने करू नये. निपाणीकडच्या तंबाखूची पाने आणि मेथी-पालकासारख्या भाज्याही कॅडमियम सहज उचलतात. शिसे मात्र बहुतांशी पानावर बसलेल्या धुळीतून पोटात जाते, म्हणून भाजी नीट धुणे हा खरोखरीचा उपाय आहे.

जिल्ह्याच्या सगळ्या जमिनी एकसारख्या नाहीत. उत्तरेकडील कृष्णा-दूधगंगेची काळी माती बेसॉल्ट या काळ्या खडकापासून बनलेली आणि बहुधा अल्कधर्मी असते. ती शिसे, तांबे, जस्त घट्ट धरते, पण क्रोमियमचे विषारी षट्संयुजी रूप आणि आर्सेनिक अशा अल्कधर्मी मातीत अधिक मोकळेपणाने फिरतात. खानापूरकडील मलप्रभेच्या वरच्या खोऱ्यातील जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. तिच्यातील लोह आर्सेनिक व फॉस्फरस पकडते, पण जस्त आणि कॅडमियम सहज सोडते. एका खोऱ्यातला सल्ला दुसऱ्या खोऱ्यात उचलून नेऊ नये.

सहावी पायरी: नमुना घेणे

जस्ताचा मुलामा दिलेली बादली किंवा रंग उडालेले खोरे वापरू नका. धातूंच्या तपासणीसाठी प्लॅस्टिकचे किंवा स्टेनलेस स्टीलचे खुरपे, आणि कीटकनाशकांसाठी धातूचे खुरपे व काचेची बरणी घ्यावी, झाकणाखाली ॲल्युमिनियमची पातळ पत्री लावावी. पूर ओसरताच, नांगर घालण्यापूर्वी, ताज्या गाळाचे वरचे एक-दोन सेंटिमीटर वेगळे उचला. नंतर ० ते १५, १५ ते ३० आणि ३० ते ६० सेंटिमीटर असे थर स्वतंत्र घ्या. धडी, मधला उतार आणि खोलगट या तिघांचे नमुने एकमेकांत मिसळू नका. प्रत्येक भागात आठ-दहा ठिकाणची माती एकत्र करून, ढीग चार भागांत विभागून समोरासमोरचे दोन भाग टाकत अर्धा किलोपर्यंत आणावी. धातूंसाठीची माती सावलीत वाळवा; कीटकनाशकांसाठीची माती न वाळवता बर्फाच्या पेटीत ठेवा. विहिरीच्या पाण्याचा धातूंचा नमुना गाळून त्यात नायट्रिक आम्ल घालावे लागते, आणि त्याची बाटली प्रयोगशाळेकडूनच तयार करून घ्यावी. नायट्रेटसाठीचा नमुना वेगळ्या बाटलीत, थंड ठेवून, दिवसभरात पोहोचवावा.

याशिवाय दोन तुलनेचे नमुने अनिवार्य समजा: एक त्याच रानातील मीटरभर खोलीचा, अलीकडच्या पुरांचा गाळ न पोहोचलेला, दुसरा वरच्या अंगाचा, संशयित नाल्याच्या संगमाआधीचा. दूधगंगा आणि वेदगंगेच्या बाबतीत वरचा अंग कोल्हापूर जिल्ह्यात येतो. तेथील नमुना तेथील प्रयोगशाळेत आणि आपला येथील प्रयोगशाळेत दिला तर पद्धतींतील फरकच प्रदूषण म्हणून दिसेल. दोन्ही एकाच ठिकाणी, एकाच दिवशी द्यावेत.

सातवी पायरी: अहवाल मागणे आणि वाचणे

मृदा आरोग्य पत्रिकेत बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसे, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक यांपैकी एकही त्यात नसते. शिवाय त्यातील जस्त-तांबे हे पिकाला उपलब्ध होणारे प्रमाण असते, जस्ताची ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो ही मर्यादा कमतरतेची आहे, प्रदूषणाची नाही. मला एकदा एका प्रयोगशाळेने ‘एकूण धातू’ मागितले असताना उपलब्ध धातूंचेच आकडे दिले होते, आणि ते इतके लहान होते की रान निर्मळ आहे असा कोणाचाही समज व्हावा. म्हणून अर्जात ‘आम्लात पचन करून एकूण प्रमाण’ असे स्पष्ट लिहा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) या संस्थेची मान्यता त्या विशिष्ट चाचणीसाठी आहे का ते विचारा, आणि सोबत सामू, सेंद्रिय कर्ब व चिकणमातीचे प्रमाणही मागा. नमुना नेण्याआधी रयत संपर्क केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारणा केल्यास दिशा मिळते.

आकडे आल्यावर परक्या देशांच्या मर्यादांशी ते लगेच जोडू नका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबे, निकेल, क्रोमियम नैसर्गिकरीत्याच भरपूर असते; त्यातून बनलेल्या मातीत किलोमागे शंभर मिलिग्रॅमच्या आसपास तांबे आढळले तर तेवढ्यावरून कोणाकडे बोट दाखवता येत नाही. आपल्याच खोल थराशी तुलना करा. वरचा थर खालच्या थराच्या दुप्पट असेल आणि चिकणमातीचे प्रमाण दोन्हीकडे सारखे असेल, तर तो फरक बाहेरून आलेला आहे असे मानण्यास आधार मिळतो. पाण्यासाठी मात्र आयएस १०५०० या भारतीय मानकाचे आकडे थेट वापरावेत: लिटरमागे नायट्रेट ४५ मिलिग्रॅम, शिसे ०.०१, आर्सेनिक ०.०१, कॅडमियम ०.००३ आणि एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम.

आठवी पायरी: रानात काय करावे

वरचा पातळ थर तेलकट, काळपट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर अहवाल येईपर्यंत तो नांगरून आत मिसळू नये. मिसळल्यावर तो वेगळा काढण्याची संधी कायमची जाते. असा गाळ खरवडून घराच्या बागेत किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नये. ज्या रानात धातू जास्त निघाले तेथे सामू खाली आणणारे गंधकासारखे उपाय करू नयेत, कुजलेले शेणखत वाढवावे आणि पालेभाजीऐवजी ऊस किंवा चाऱ्यासाठी नसलेले दुसरे पीक घ्यावे. काठावर वाळ्याची किंवा दाट गवताची पाच-दहा मीटर रुंद पट्टी राखली तर ओढ्यातून येणारा बराचसा गाळ तेथेच अडतो. ती पट्टी कापून जनावरांना घालू नये.

पुढच्या पुराची तयारी जूनपूर्वी, बरगे निघण्याआधी करावी. प्लॅस्टिकच्या कृत्रिम गवताचे हातभर चौकोनी तुकडे धडीवर, उतारावर आणि खोलगटात चारही कोपऱ्यांना लांब खिळे ठोकून पक्के बसवा, प्रत्येकाजवळ खुणेचा खुंट रोवा आणि खुंटावर जमिनीपासून सेंटिमीटरच्या रेघा आखा. पाणी ओसरल्यावर तुकडे उचलून त्यांवरचा गाळ वेगवेगळ्या पिशव्यांत धुऊन घ्या, वाळवा आणि वजन करा. त्या एका पुराने, त्या एका जागी, किती आणि कोणता गाळ आणला हे तुमच्या वहीत तारखेसह उतरेल, आणि नमुना कोठून घ्यायचा हा प्रश्न पुढच्या वर्षी पडणार नाही.